यमुनाबाईंची स्वारी

वीस वर्षं मी रंगमंचावर एकच वाक्य बोललो. "होशियार! राणीसाहेबांची स्वारी येत आहे हो!" एवढंच. त्यानंतर भाला धरून दाराशी उभं राहायचं, ते पडदा पडेपर्यंत. आमची वाडी बावनदीच्या काठी, मी रत्नागिरीत सरकारी कचेरीत कारकून. पण गावच्या उत्सवातल्या नाटकाला रजा टाकून गेलो नाही असं एकही वर्ष नाही. माझ्या डोळ्यांदेखत पुतण्या राजा झाला, शेजारचा गण्या सेनापती झाला, मी आपला भालदारच. उंची बरी आणि पाठांतर वाईट, त्याला कोण काय करणार! बायको दरवर्षी हसते. हसू दे. त्या दाराशी उभं राहून मी यमुनाबाईंना तीन हातांवरून बघितलंय, आणि ते भाग्य आमच्या राजालाही नव्हतं, कारण तो बिचारा पुढचं वाक्य आठवण्यात गुंतलेला असायचा.

आमच्याकडे उत्सवाच्या नाटकाची एक पद्धत आहे. पुरुषांची कामं गावचे पुरुष करतात, बायकांच्या कामाला मात्र बाहेरून नटी आणायची. गावची लेक किंवा सून रंगमंचावर चढलेली चालत नाही, दुसऱ्या गावची चालते. का, ते कोणी विचारत नाही. आठ दिवस आधी टपालानं नाटकाच्या वहीची नक्कल पाठवायची. नटी उत्सवाच्या दिवशी दुपारच्या एसटीनं येणार, एक तालीम करणार, नाटक करणार, शाळेच्या खोलीत मुक्काम करून सकाळच्या पहिल्या गाडीनं परत. आमची पोरं तर सरळ विचारतात, "लेडीज सांगितल्यात काय रे?"

पहिल्या वर्षी मीच फाट्यावर आणायला गेलो. एसटीतून एक सावळी, ठेंगणी, पन्नाशीला टेकलेली बाई उतरली. हातात पत्र्याची पेटी, पायात झिजलेली चप्पल. माझं तोंडच उतरलं. ही राणी? ही तर आमच्या अंगणवाडीतली मदतनीस शोभली असती. देवळासमोरच्या मांडवात पोचलो, तर कोणीतरी ओरडलं, "लेडीज आल्या रे!"

बाईंनी पेटी खाली ठेवली. "लेडीज चपलांच्या दुकानात असतात. मी नटी आहे. यमुना रत्नागिरीकर. भालदार कोण?"

नटी आली की आधी राजा कोण ते विचारते, असा आजवरचा अनुभव. मी बुजत पुढे झालो.

"वाक्य म्हण."

मी छाती फुगवून ओरडलो.

"मिरकरवाड्याला मासळी विकतोयस काय? परत."

अकरा वेळा म्हणायला लावलं. सगळी वाडी दात काढून बघत होती. शेवटी मी चिडून म्हणालो, "बाई, एक तर वाक्य आहे माझं. कोण ऐकतंय?"

तेव्हा त्या जवळ आल्या आणि हळू म्हणाल्या, "अरे बाबा, माझ्याकडे बघ. मला कोण राणी म्हणेल? तू वर्दी दिलीस की समोरची माणसं माना वळवतात. त्या वळलेल्या माना दिसल्या की मग मला राणी होता येतं. भालदारानं वर्दी दिल्याशिवाय मी आजवर विंगेतून पाऊल टाकलेलं नाही. तू विसरलास तर मी आतच उभी राहीन, मग तुमचं नाटक राहिलं तिथंच. आणि एक शब्द इकडचा तिकडे झालेला मला खपत नाही."

संध्याकाळी मी वर्दी दिली. कशी दिली ते देवाला ठाऊक, पण दिली. आणि त्या आल्या.

आता हे कसं सांगू? ती ठेंगणी बाई कुठे गेली, ते मला अजून सापडलेलं नाही. जरीचा जुनाच शालू होता, मुकुट पुठ्ठ्याचा होता, तो मी दुपारी हातात घेऊन बघितला होता. त्यांनी केलं काहीच नाही. चार पावलं टाकली आणि थांबल्या. कोणाकडे बघितलं नाही. पण समोर बसलेल्या म्हाताऱ्यांनी पसरलेले पाय जवळ घेतले. आमच्या राजानं सिंहासनावर बसूनच बोलायचं होतं, तो ताडकन उठून उभा राहिला. नंतर विचारलं तर म्हणतो, "काका, माझे पाय आपोआप उठले ओ." मी सरकारी नोकरीत मोठमोठे साहेब बघितलेत, खुर्ची गेली की त्यांचं सगळं जातं. या बाईला खुर्ची लागतच नव्हती.

त्यांना नुसतं आपलंच काम पाठ असायचं असं नाही, अख्खं नाटक पाठ असायचं. भालदारापासून राजापर्यंत. त्याचा आमच्या लोकांना किती उपयोग झाला, काय सांगू! एका वर्षी काय झालं, पहिल्या अंकात आणि तिसऱ्या अंकात राजाचं एक वाक्य सारखंच होतं, "राणीसाहेब, आपण इथे?" पुतण्यानं ते पहिल्या अंकात म्हटलं आणि गाडी थेट तिसऱ्या अंकात नेली. "आपले युवराज रणांगणावर कामी आले हो!" म्हणून हंबरडा फोडला. आता युवराज त्याच्याच शेजारी उभा, धडधाकट, तोंडात सुपारी. विंगेतला प्रॉम्प्टर वही टाकून पळायच्या बेतात. मांडवात एक जण फस्सकन हसला.

यमुनाबाई जराही हलल्या नाहीत. राजाच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "महाराज, तीन रात्री आपण झोपला नाहीत. ते अभद्र स्वप्न अजून डोळ्यांवरून गेलेलं नाही. युवराज हे काय उभे आहेत. त्यांना जवळ घ्या, आणि मोहिमेबद्दल आपण मघाशी काय म्हणत होतात, ते पूर्ण करा." पुतण्यानं युवराजाला मिठी मारली ती खरीखुरी, आणि गाडी पुन्हा पहिल्या अंकात आली. पुढे तिसऱ्या अंकात युवराज मेला तेव्हा बायका हुंदके देऊन रडल्या, म्हणाल्या, स्वप्न खरं झालं की हो! नाटक लिहिणाऱ्या आमच्या शाळेच्या गुरुजींनी पुढच्या वर्षी ते स्वप्न वहीतच घातलं.

नाटक चालू असताना मध्येच बक्षीस द्यायची आमच्याकडे रीत. मानकरी रंगमंचावर चढतो, माइकवर नाव पुकारतात, नट भूमिका सोडून वाकतो, हात जोडतो, की मग नाटक पुढे. एकदा आमचे एक बडे मानकरी ऐन दरबारात बक्षिसाचं पाकीट घेऊन वर चढले आणि यमुनाबाईंपुढे हात लांब करून उभे राहिले. बाई वाकतील म्हणून वाट बघतायत. बाई सिंहासनावर. इकडे माइकवाला तीनदा नाव पुकारून दमला. शेवटी यमुनाबाई म्हणाल्या, "प्रधानजी, हे गृहस्थ लांबून नजराणा घेऊन आलेले दिसतात. तो स्वीकारा, आणि त्यांना मानाच्या जागी बसवा."

मी मनातल्या मनात म्हटलं, आता गावकी बसणार, ठराव होणार, बाई पुन्हा या गावात येत नाहीत. पण मानकऱ्यांनी काय करावं? चक्क तीन वेळा वाकून मुजरा केला! मागे मागे सरकत खाली उतरले. तेव्हापासून गावात सांगतात, "आमचा नजराणा राणीनं घेतला." दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "बाई, भीती नाही वाटली?" त्या म्हणाल्या, "यमुनेला वाटली. राणी हात पसरत नाही, तिला कसली भीती?"

रत्नागिरीत त्या स्टँडच्या मागच्या चाळीत एका खोलीत राहायच्या. साड्यांना फॉल-बिडिंग करून द्यायच्या. माझ्या बायकोच्या साड्या तिकडेच जायच्या, म्हणून माझं जाणं-येणं वाढलं. खोलीत देव एक, आणि भिंतीवर राण्याच राण्या. वर्तमानपत्रातली, कॅलेंडरवरची, कुठल्याशा मासिकातली, मिळेल त्या राणीचं चित्र कापून लावलेलं. सुईत दोरा ओवता ओवता मला विचारायच्या, "भालदार, राणीला तहान लागली तर ती पाणी मागत असेल, की कोणीतरी ओळखत असेल?" मी म्हणायचो, "मला काय ठाऊक बाई, आमच्या घरी मागूनसुद्धा मिळत नाही."

एकदा त्या सिनेमातही चमकल्या होत्या. समुद्रकाठी चित्रीकरण होतं, त्यात राणीची दासी म्हणून. पडद्यावर दिसला फक्त हात, तबक धरलेला. "तीनदा परत घेतलं माझ्यामुळे," त्या कौतुकानं सांगायच्या. "दिग्दर्शक म्हणाला, बाई, तबक दासीसारखं धरा, तुम्ही राणीसारखं धरताय. चौथ्यांदा जमलं. पण मला विचारशील तर तिसरा हात चांगला होता."

महिन्यातून एकदा त्या टेकडीवरच्या राजवाड्यात जायच्या. ब्रह्मदेशाच्या राजाराणीला इंग्रजांनी कैद करून जिथे ठेवलं होतं, तो. आता तिथे वस्तुसंग्रहालय आहे, शाळेच्या सहली येतात. यमुनाबाई वस्तू बघत नसत. खाडीकडच्या बाजूला जाऊन नुसत्या बसत. एका रविवारी मी बरोबर होतो. बराच वेळ गेला तसा म्हणालो, "बाई, दर खेपेला काय बघताय?"

"ती राणी कशी बसत असेल ते बघते," त्या म्हणाल्या. "नुसती राणी कोणीही करील. पण जिला आपल्या गावाला परत जाता येत नाही, ती राणी समुद्राकडे तोंड करून कशी बसत असेल? ते मला येतं. फार चांगलं येतं."

आणि मग त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. रत्नागिरीकर हे त्यांचं आडनावच नव्हतं. त्या पिंपळकोंडच्या धनावड्यांच्या. म्हणजे आमच्या वाडीपासून दोन डोंगर पलीकडे! बावीस वर्षांच्या असताना त्यांच्या गावच्या नाटकाला ठरलेली नटी आली नाही, एसटी घाटात बंद पडली. मांडव भरलेला. यमुना धनावडे पुढे झाली आणि म्हणाली, "थोरल्या राणीचं काम मला पाठ हाय. सगळ्यांचीच कामं पाठ हायत." महिनाभर तालमी चालल्या होत्या त्या त्यांच्याच पडवीत. तिनं भात पाखडायचं सूप हातात घेऊन सगळं ऐकलं होतं. पण गावची पोर! नाटक रद्द झालं, तिला चढू दिलं नाही. पुढच्या वर्षी ती पलीकडच्या गावात जाऊन राणी झाली. थोरला भाऊ महादेव, आई-बापाच्या माघारी घरचा कर्ता. त्यानं बजावलं, "धनावड्यांचं नाव नाटकाच्या कागदावर दिसायचं नाय. आणि या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाय."

"मंडणगडापासून राजापूरपर्यंत गाव सोडला नाही मी," यमुनाबाई म्हणाल्या. "एक पिंपळकोंड सोडून. दादा तोंडानं 'ये' म्हणेल त्या दिवशी जाईन. त्याच्या आधी नाही." डोळे कोरडे होते. मी उगाच जाऊन शेंगदाणे घेऊन आलो.

त्यानंतर कितीतरी वर्षं गेली. परवाच्या परवा, म्हणजे गेल्या उत्सवाच्या आधी, मी त्यांच्या खोलीवर साडी न्यायला गेलो, तर तिथे कॉलेजातली एक मुलगी बसलेली. सई धनावडे. महादेवदादांची नात.

"आजी, आमच्या गावच्या नाटकात या वर्षी मी राजकन्या आहे," ती भडाभडा सांगत होती. "मी म्हटलं, गावच्या मुलीला काम द्या, नाहीतर मी आजोबांशी बोलणार नाही. चार दिवसांत ऐकलं! आजोबा प्रधान आहेत. आणि थोरल्या राणीसाठी मी मंडळाला तुमचं नाव सांगितलं."

यमुनाबाईंनी सुई थांबवली. "दादा काय म्हणाला?"

"काहीच नाही. अडकित्ता घेऊन सुपारी कातरत बसले."

"म्हणजे बोलावणं मंडळाचं. दादाचं नाही." त्या दोऱ्याला गाठ मारत म्हणाल्या, "मग मी नटी म्हणून येईन. मुक्काम शाळेत. कागदावर रत्नागिरीकरच छापा. नाटक कुठलं?"

"जुनंच आहे. हाताने लिहिलेली वही आहे ती. नक्कल पाठवू?"

"नको. पाठ आहे." आणि माझ्याकडे बोट केलं. "भालदार मात्र मी माझा आणीन."

असे आम्ही पिंपळकोंडला गेलो. अडुसष्ट वर्षांची बाई, सेहेचाळीस वर्षांनी. फाट्यावरून वाडीत शिरताना उजव्या हाताला धनावड्यांचं घर लागतं. चिऱ्याच्या कुंपणाचा गडगा, त्याला लाकडी बेडं, म्हणजे फाटक, आत अंगण, पडवी. बाईंनी त्या बाजूला मान वळवली नाही, पण पेटी या हातातून त्या हातात घेतली. दुपारी तालीम झाली. महादेवदादा म्हणजे पंचाहत्तरीचा ताठ म्हातारा, पांढऱ्या मिश्या. दोघं भावंडं समोरासमोर उभं राहून बोलत होती, आणि दोघंही एकमेकांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. एक सांगतो, त्या तालमीत दादांचं एक अक्षर चुकलं नाही.

आता भोंगे दहाला बंद करावे लागतात, म्हणून नाटक सातलाच सुरू झालं. मी वर्दी दिली. यमुनाबाई आल्या, आणि पिंपळकोंडच्या त्या मांडवात एवढी माणसं होती, पण लेकरूसुद्धा रडलं नाही. बायकांच्या बाजूला एक म्हातारी तोंडावर पदर दाबून बसली होती. त्या म्हणजे महादेवदादांच्या बायको, यमुनाबाईंच्या वहिनी, हे मला नंतर कळलं.

नाटकात असं होतं, की प्रधानानं दरबारातल्या चुगल्यांवर विश्वास ठेवून थोरल्या राणीला राज्याबाहेर घालवलेलं असतं. शेवटच्या प्रवेशात तो तिच्यासमोर येतो आणि म्हणतो, "राणीसाहेब, राज्य आपलंच आहे. झालं गेलं विसरून परत चलावं." मग राणी परत येते, राजकन्येला जवळ घेते, पडदा.

दादा समोर आले. तोंड उघडलं. आणि शब्दच नाही.

प्रॉम्प्टरनं वाक्य दिलं. दादा गप्प. प्रॉम्प्टरनं परत दिलं, एवढ्या मोठ्यानं की पहिल्या तीन रांगांना ऐकू गेलं. दादा गप्पच. सई घाबरून यमुनाबाईंकडे बघत होती. मीही बघत होतो. वीस वर्षं मी बघितलेलं, कोणीही अडला की बाई आपल्या बोलण्यात गुंडाळून त्याचं वाक्य त्याच्या हातात द्यायच्या. "प्रधानजी, आपण हेच म्हणणार ना, की..." एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. अख्खं नाटक पाठ असलेली बाई!

नाही दिलं. आयुष्यात पहिल्यांदा यमुनाबाईंनी अडलेल्याला वाक्य दिलं नाही. ओठ घट्ट मिटून उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदाच दादांच्या डोळ्यांत सरळ बघितलं. मी तीन हातांवर होतो. त्यांच्या गळ्यातली शीर उडताना मला दिसत होती.

दादांनी डोक्यावरची प्रधानाची पगडी काढली. हातात धरली. आणि म्हणाले, "यमे, घराकडं चल गो बाय. लय वर्सं झाली. माझंच चुकलं."

मांडवात कोणी टाळी वाजवली नाही. गावातल्या जुन्या माणसांना सगळं समजलं होतं, नव्या पोरांना ते नाटकातलंच वाटलं असेल. यमुनाबाईंचा मुकुट जरासा हलला. मला वाटलं, आता मोडली राणी. पण नाही. आवाज अगदी स्वच्छ आला. "प्रधानजी, आपण आपल्या तोंडानं बोललात. राणी येईल. आपल्या पायांनी येईल." आणि सईला जवळ घेतलं. पडदा पडला तेव्हा मी भाला टाकून रडत होतो, सांगायला लाज कसली?

दादा खरंच विसरले होते का? मी खूप विचार केला. दुपारी एक अक्षर चुकलं नव्हतं. पण ते विचारायची माझी छाती झाली नाही, आणि यमुनाबाईंनीही कधी विचारलं नसणार.

सकाळी आम्ही शाळेतून निघालो. बाईंच्या अंगावर रोजचीच सुती साडी, केस धुतलेले, पेटी माझ्या हातात. बेड्यापाशी आलो. आत अंगण ताजं सारवलेलं होतं. पडवीत दादा उभे होते, वहिनी हातात पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन तयार. सई बेडं उघडून बाजूला झाली.

यमुनाबाईंचा पाय उचलेना. मी बघतोय, त्या गडग्याला हात लावून उभ्या आहेत, आणि पुन्हा ती ठेंगणी बाई झाल्या आहेत, थकलेली, एसटीतून उतरलेली. एक मिनिट गेलं, दोन गेली.

मग माझ्याकडे न बघता त्या हळूच म्हणाल्या, "भालदार, झोपलास काय? वाक्य तुझं आहे."

मी पेटी खाली ठेवली. वीस वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. त्या दिवशी केला. म्हटलं, ओरडतील तर ओरडू देत.

"होशियार! यमुना धनावडे यांची स्वारी येत आहे हो!"

शेजारच्या अंगणातली माणसं वळून बघायला लागली. यमुनाबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी पदर सारखा केला, मान वर केली, आणि चार पावलं टाकून बेड्यातून आत गेल्या. दादांनी उभ्या उभ्या हात जोडले.

मी नेहमीसारखा दाराशीच उभा राहिलो.